हार पुतळ्याला, विसर भांडणाचा

२६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबर, १४ नोव्हेंबर, ६ डिसेंबर. पुढाऱ्यांचे वर्ष या तारखांवर चालते. आपले वर्ष वेगळ्या तारखांवर चालते. २ ऑक्टोबरला पऱ्हाटीला बोंडे धरलेली असतात आणि पाऊस परत फिरला की नाही याची काळजी असते. ६ डिसेंबरला कापूस बाजारात असतो, बहुधा भावही पडलेला असतो. १४ एप्रिलला सोसायटीचे कर्ज फिरवून झालेले असते किंवा थकलेले असते. दोन्ही पंचांगे एकाच गावात चालतात, पण एकमेकांना भेटत नाहीत.

तालुक्याच्या गावी मंडप पडतो. फोटोला हार घातला जातो. ज्याच्या हाती माइक, तो सांगतो की थोर पुरुषांच्या स्वप्नातला भारत घडवण्याचे काम फक्त आमच्याच पक्षाने केले. मग दुसऱ्या पक्षाचा मंडप पडतो, फोटो तोच आणि भाषणही तेच. या भाषणांत देश उभारणारी सगळी माणसे थोर असतात, सगळी एकमताची असतात आणि सगळी वक्त्याच्या पक्षाची असतात. फार तर त्यांतला एखादा खलनायक ठरवून घेतात, म्हणजे बाकीचे आणखी थोर दिसतात.

शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, आमचे म्हणणे असे आहे. गांधी, पटेल, नेहरू, आंबेडकर, राजगोपालाचारी ही माणसे आयुष्यभर भांडली. इंग्रजांशी भांडली, तशी एकमेकांशीही भांडली. त्यांची पुष्कळशी भांडणे जमिनीवरून, साऱ्यावरून, धान्याच्या भावावरून आणि शेतमालावरच्या बंधनांवरून होती. म्हणजे आपल्या घरातल्याच प्रश्नांवरून होती. माणसाचा पुतळा करताना त्याचे भांडण आधी काढून टाकतात, मागे उरतो तो पितळेचा किंवा सिमेंटचा सांगाडा. आपल्या कामाचे होते ते भांडण. ते आपण परत मागून घेतले पाहिजे.

लोहपुरुषाची आणेवारी

सरदार पटेलांपासून सुरुवात करू. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी गुजरातेत नर्मदेकाठी त्यांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे उद्घाटन झाले. त्याआधी देशभरच्या शेतकऱ्यांकडून जुनी लोखंडी अवजारे गोळा करण्याची मोहीम निघाली होती. संस्थाने विलीन करणारा लोहपुरुष म्हणून पटेलांचे नाव आज घरोघर पोचले आहे. आणि ज्या पक्षात त्यांनी आयुष्य काढले, त्या पक्षाला त्यांची किती आठवण राहिली होती? नेहरूंना भारतरत्न १९५५ मध्ये मिळाले, पटेलांना १९९१ मध्ये, मरणानंतर एक्केचाळीस वर्षांनी. एकाने विसरायचे आणि दुसऱ्याने उंच करायचे. दोहोंत शेतकरी पटेल हरवले.

पटेल सार्वजनिक कामात खऱ्या अर्थाने उतरले ते १९१८ च्या खेडा सत्याग्रहात. भांडण कशाचे होते? आणेवारीचे! १९१७ मध्ये अतिवृष्टीने खरीप बुडाला. पीक चार आण्यांपेक्षा कमी आले तर त्या सालचा सारा तहकूब करावा, असा सरकारचाच नियम होता. शेतकरी म्हणत होते की पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी कागद म्हणत होते की वर आहे. शेत शेतकऱ्याचे, पीक त्याने डोळ्यांनी पाहिलेले, पण आकडा कचेरीतला खरा! आज आण्यांचे पैसे झाले आणि चाराच्या जागी पन्नास पैशांची रेघ आली. बाकी दर हिवाळ्यात आपण पैसेवारीवरून जे भांडतो, ते याच भांडणाचे नातवंड आहे. खेड्यात अखेर ऐपत असेल त्यानेच सारा भरावा आणि गरिबाची वसुली थांबावी, एवढे पदरात पडले.

दहा वर्षांनी बारडोली झाली. बारडोली हा सुरत जिल्ह्यातला काळ्या मातीचा, कापूस आणि ज्वारी पिकवणारा तालुका. शेजारचा आपला खानदेश तेव्हा त्याच मुंबई इलाख्यात होता आणि एकच तापी व्हॅली रेल्वे दोन्हीकडचा कापूस वाहत होती. तीस वर्षांची जमाबंदी संपली तेव्हा सरकारने सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. कारण काय दिले, तर रेल्वे आली, कापसाचा भाव वाढला, जमिनीची किंमत वाढली. शेतकऱ्यांचे उत्तर सरळ होते. भाव चढला तो महायुद्धामुळे आणि त्यानंतरच्या तेजीमुळे, तो उतरूही लागला आहे. शिवाय भावाबरोबर खर्चही वाढला. सारा नफ्यावर बसवायचा असेल, तर खर्च वजा केल्याशिवाय नफा निघणार कसा?

फेब्रुवारी १९२८ पासून सारा बंद झाला. म्हशी जप्त झाल्या, जमिनींचे लिलाव पुकारले गेले, तरी तालुका हलला नाही. ऑगस्टमध्ये सरकारला चौकशी मान्य करावी लागली. मॅक्सवेल आणि ब्रूमफील्ड या दोन सरकारी अधिकाऱ्यांनीच ती चौकशी केली. मूळ आकारणी ज्या खंडाच्या आकड्यांवर उभी होती, ते आकडे भरवशाचे नाहीत असे त्यांना आढळले. वाढ २२ वरून सहा टक्क्यांच्या आसपास आली. वल्लभभाईंना 'सरदार' म्हणू लागले ते इथेच, खर्च वजा करून हिशेब मागणाऱ्या कापूसवाल्यांमध्ये.

आता सांगा, ३१ ऑक्टोबरच्या एखाद्या भाषणात आणेवारी हा शब्द तुम्ही ऐकला आहे काय? उत्पादन खर्च हा शब्द ऐकला आहे काय? ते सांगितले तर ऐकणारा उठून विचारील की साहेब, सरदारांचा तो हिशेब आज कापसाला लावा की! म्हणून पुतळ्याची उंची मीटरमध्ये सांगतात आणि बारडोलीची टक्केवारी सांगत नाहीत.

मात्र आपणही बारडोलीचे देऊळ करू नये. तो लढा सारा भरणाऱ्या खातेदारांचा होता. त्याच तालुक्यात दुबळा समाजाचे हाळी, म्हणजे कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या शेतावर बांधलेले मजूर राबत होते. त्यांच्या मजुरीचा आणि मोकळिकीचा प्रश्न त्या लढ्याच्या मागण्यांत नव्हता. ही बाजूही सांगितली तरच ती आठवण खरी म्हणायची.

चष्मा राहिला, गांधी गेले

गांधींचे तर आणखी पातळ केले आहे. नोटेवर चेहरा, सफाईच्या जाहिरातीवर चष्मा आणि २ ऑक्टोबरला चरख्यासमोर दोन मिनिटांचा फोटो. सेवाग्राम आपल्या वर्ध्याजवळ आहे. १९३६ पासून गांधी तिथे राहिले, चहूबाजूंनी कपाशीच्या मुलखात. पण आमच्या शाळेतल्या पोरांना विचारा की चंपारणला काय झाले, तर 'निळीचा सत्याग्रह' या दोन शब्दांपलीकडे गाडी जात नाही.

चंपारण समजून घ्या. बिहारच्या त्या जिल्ह्यात वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातल्या तीन कठ्ठ्यांवर कुळाने नीळ लावलीच पाहिजे, अशी सक्ती होती. तिला तीनकाठिया म्हणत. कोणते पीक घ्यायचे हे मळेवाला ठरवणार आणि भावही तोच ठरवणार. पुढे जर्मनीत कृत्रिम नीळ तयार झाली आणि नैसर्गिक निळीचा बाजार बसला. मळेवाल्याला आता नीळ नको झाली. मग त्याने काय केले? 'तुला नीळ लावण्यातून मोकळे करतो' म्हणत कुळांकडून एकरकमी पैसे काढले किंवा खंड वाढवला. धंदा बुडाला मालकाचा, भरपाई केली कुळाने! गांधी १९१७ मध्ये तिथे गेले आणि त्यांनी आधी भाषण केले नाही. वकील मंडळींना बसवून हजारो कुळांच्या जबान्या लिहून घेतल्या. १९१८ च्या कायद्याने तीनकाठिया गेली आणि बेकायदा वसूल केलेल्या पैशांपैकी चौथा हिस्सा परत मिळाला. आपले पीक आपण निवडायचे आणि सक्तीच्या भावाला माल घालायचा नाही, हे गांधींच्या देशातल्या पहिल्या शेतकरी लढ्याचे सार आहे. ज्वारीची लेव्ही भरलेली आणि कापसाच्या एकाधिकार खरेदीत चुकाऱ्यासाठी खेटे घातलेली माणसे अजून आपल्यात आहेत. गांधीटोपी घातलेल्या मंत्र्यांनीच ती बंधने आपल्यावर लादली, हे त्यांना कोणी सांगायला नको.

गांधींच्या शेवटच्या महिन्यांतली गोष्ट तर जवळजवळ पुसूनच टाकली आहे. युद्धकाळापासून धान्यावर आणि कापडावर सरकारी नियंत्रण होते. १९४७ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या प्रार्थनासभांतून गांधी पुन्हा पुन्हा सांगत होते की ही नियंत्रणे उठवा. त्यांतून लबाडी आणि काळाबाजार वाढतो, लोक परावलंबी होतात, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार त्यांच्याच शिष्यांचे होते आणि खात्यांतल्या पुष्कळांना हे पटत नव्हते. तरी डिसेंबर १९४७ मध्ये धान्यावरचे नियंत्रण सैल केले गेले. पुढे भाव वाढले. जानेवारीत गांधींचा खून झाला आणि १९४८ सालातच नियंत्रणे परत आली. नियंत्रणे उठवणे बरोबर होते की चूक, यावर वाद घालता येईल. शहरातल्या गरिबाला वाढत्या भावाचा चटका बसला हेही खरे. पण स्वतंत्र भारताच्या पहिल्याच हिवाळ्यात हा वाद राष्ट्रपित्याने उभा केला होता, हे आपल्याला कुणीच का सांगितले नाही?

दुसरी आठवण गायीबैलांची. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा आहे. २०१५ मध्ये त्यात बैल आणि वळूही आले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यात म्हातारा बैल बांधून ठेवायचा तर कडबा कुठून आणायचा, हा रोजचा प्रश्न झाला. त्या वेळी गांधींचे नाव घेणारे पुष्कळ होते. गांधी गोसेवक होतेच, त्यात शंका नाही. पण जुलै १९४७ मध्ये गोहत्याबंदीच्या कायद्यासाठी तारा आणि पत्रांचा पाऊस पडला, तेव्हा त्यांनी प्रार्थनासभेत उघड सांगितले की असा कायदा करता येणार नाही. माझा धर्म माझ्यापुरता, जो हिंदू नाही त्याच्यावर तो कसा लादू, असा त्यांचा सवाल होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. तेव्हा झेड. एच. लारी आणि सय्यद सादुल्ला या सभासदांनी, तुमची भावना धार्मिक असेल तर तसे स्पष्ट लिहा, अर्थशास्त्राआडून आणू नका, अशा अर्थाचे म्हणणे मांडले होते. कलम आले ते मार्गदर्शक तत्त्वांत आणि शेती व पशुपालन आधुनिक पद्धतीने चालवण्याच्या भाषेत. वाचणाऱ्याने कोणतीही बाजू घ्यावी. पण 'घटनाकारांची इच्छा' म्हणून जे एकवाक्यी सांगतात, तेवढे ते सोपे नव्हते.

नागपूरचा ठराव आणि विसरलेले राजाजी

पंडित नेहरूंचे दोन पुतळे आहेत. एक गुलाबाचे फूल लावलेला चाचा, दुसरा सगळ्या दुखण्यांचे मूळ असलेला गुन्हेगार. मंडप बदलला की पुतळा बदलतो. शेतकऱ्याला दोन्हींचा उपयोग नाही.

नेहरूंना शेतकरी भेटला तो १९२० मध्ये, अवधच्या प्रतापगडकडच्या खेड्यांत. तालुकदारांनी नागवलेली कुळे त्यांनी पाहिली. तो परिणाम त्यांच्यावर जन्मभर राहिला. जमीनदारी मोडलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट तिथला आणि तो योग्यच होता. पण जमीनदार गेल्यावर शेती कशी चालवायची याचे उत्तर त्यांनी शेतकऱ्याला विचारून काढले नाही. जानेवारी १९५९ मध्ये आपल्या नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. पुढची शेतीव्यवस्था संयुक्त सहकारी शेतीची असेल, असा ठराव तिथे झाला. जमिनी एकत्र करायच्या, मालकी कागदावर राहील, उत्पन्नातला वाटा जमिनीप्रमाणे आणि कष्टाप्रमाणे मिळेल. धान्याचा व्यापार सरकारने हाती घ्यावा, असेही ठरले. नेहरूंसमोर त्याच अधिवेशनात उभे राहून उत्तर प्रदेशच्या चौधरी चरणसिंगांनी विरोध केला. शेतकरी मालकीच्या जमिनीत जे राबतो, ते सामायिक जमिनीत राबणार नाही, असे ते म्हणत.

त्याच वर्षी राजगोपालाचारी आणि आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. राजाजी म्हणजे कोणी उपरा नव्हे. गांधींचे व्याही, स्वतंत्र भारताचे पहिले हिंदी गव्हर्नर जनरल. १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री होताच त्यांनी धान्यावरचे रेशनिंग आणि नियंत्रण उठवले होते. केंद्रात रफी अहमद किडवई अन्नमंत्री झाले, तेव्हा त्यांनीही तीच वाट धरली. लायसन्स-परमिट राज हा शब्द राजाजींनी लोकांच्या तोंडी आणला. १९६२ मध्ये त्यांच्या पक्षाचे १८ आणि १९६७ मध्ये ४४ खासदार निवडून आले. नागपूरचा ठराव गावात रुजला नाही. आज कुठल्या चौकात राजाजींचा फोटो दिसतो?

पण इथेही आम्ही मखर बांधणार नाही. शेतमालाच्या बाबतीत राजाजी आपल्या मनाजोगे बोलले, म्हणून ते सगळीकडे बरोबर ठरत नाहीत. १९५३ मध्ये त्यांनीच मद्रासेत शाळेची वेळ निम्मी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. चांभाराच्या पोराने चांभारच राहावे काय, असा सवाल लोकांनी केला. त्या वादळात १९५४ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. लोकांनी केले ते बरोबर केले. माणूस एका प्रश्नावर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक असू शकतो. आपण आपल्या पाटलाला, सरपंचाला, भावाला असेच जोखतो. मग देशाच्या पुढाऱ्याला जोखताना हात का थरथरावा?

घटनेला पहिला हात कुणी लावला?

अलीकडच्या निवडणुकांत घटनेची लाल वही हातात धरून भाषणे झाली. एक म्हणतो घटना बदलू देणार नाही, दुसरा म्हणतो तुम्हीच बदलली. शेतकऱ्याने या भांडणात एक साल लक्षात ठेवावे. ते साल १९५१.

घटना २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाली. मालमत्तेचा हक्क त्यात मूलभूत हक्क होता. तो लिहितानाच ओढाताण झाली होती. सरकारने मालमत्ता घेतली तर मोबदला दिलाच पाहिजे, यावर पटेलांचा भर होता. मोबदल्यावरून जमीनसुधारणा कोर्टात अडकू नये, यावर नेहरूंचा भर होता. डिसेंबर १९५० मध्ये पटेल वारले. मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरवला. जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. तेव्हा पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायची होती. ज्यांनी घटना लिहिली त्यांनीच, दीड वर्ष व्हायच्या आत, ती दुरुस्त केली. कायदामंत्री डॉ. आंबेडकर होते आणि त्यांनी दुरुस्तीची बाजू मांडली. श्यामाप्रसाद मुखर्जींनी कडाडून विरोध केला.

या दुरुस्तीने नववे परिशिष्ट आले. त्यात घातलेला कायदा मूलभूत हक्कांविरुद्ध आहे, म्हणून कोर्टात पाडता येणार नाही, अशी तेव्हाची तरतूद होती. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते. त्यांत मुंबईचा कूळकायदा होता, खोती रद्द करणारा कायदा होता, तेव्हाच्या मध्य प्रदेशातला, म्हणजे नागपूरकडची मालगुजारी संपवणारा कायदा होता आणि हैदराबादची जहागीर बुडवणारे कायदेही होते. मराठवाड्यात आणि नागपूर भागात कितीतरी घरांचा सातबारा त्या कायद्यांमुळे उभा राहिला. तेव्हा ते सगळे पापच होते, असे म्हणणारा माणूस आपल्या आजोबांशी बेइमानी करतो.

पण दार एकदा उघडले की त्यातून कोण शिरेल हे बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. १३ चे आज २८४ कायदे झाले. १९७६ मध्ये, आणीबाणीत, जीवनावश्यक वस्तूंचा कायदाही त्यात जाऊन बसला. धान्यासारख्या मालाच्या साठ्यावर, वाहतुकीवर आणि भावावर बंधने घालण्याचा अधिकार सरकारला देणारा हा कायदा आहे. तो जमीनदार मोडण्यासाठी थोडाच होता? १९७८ च्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघाला. आणि जमीन घेण्यासाठी इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा स्वतंत्र भारतात २०१३ चा नवा कायदा येईपर्यंत चालू राहिला. पटेल-नेहरूंच्या ओढाताणीत शेतकऱ्याचा जीव अडकलेला होता, तो आजही अडकलेला आहे. 'घटना बदलू देणार नाही' म्हणणाऱ्याला आणि 'तुम्हीच बदलली' म्हणणाऱ्याला आम्ही एकच विचारतो. या २८४ पैकी शेतकऱ्याला बांधणाऱ्या कायद्यांचे तुम्ही काय करणार?

बाबासाहेबांना मखर नको होते

डॉ. आंबेडकरांचा फोटो आज प्रत्येक पक्षाला लागतो. त्यांचे शेतीवरचे म्हणणे कोणालाच लागत नाही. १९१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यात किती भांडवल आणि किती हात राबतात यावरून ठरते. जमिनीवर नको इतकी माणसे अवलंबून आहेत, त्यांना उद्योगात काम मिळाले तरच शेती सुधारेल, हा त्याचा रोख होता. एकराच्या आकड्यांवरून भांडणाऱ्या मंडळींनी तो आजही वाचावा.

सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कुळांचा मोठा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्यात महार कुळे होती आणि कुणबी कुळेही होती. हे वाक्य पुन्हा वाचा. आज जे फोटो आळीआळीत वाटून दिले आहेत, हा तुमचा आणि तो त्यांचा, त्यांतला एक नेता दोन्ही आळ्यांतल्या कुळांना एका मोर्च्यात घेऊन चालला होता. पुतळे वाटून घेतल्याचा सगळ्यांत मोठा तोटा हाच झाला. पुतळ्याची जात ठरली आणि मोर्चा फुटला.

१९४७ मध्ये त्यांनी मांडलेली योजना आपल्यापैकी पुष्कळांना आवडणार नाही. सगळी शेतजमीन मोबदला देऊन सरकारने घ्यावी, गावकऱ्यांना जातपात न पाहता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, असे ते म्हणत होते. आम्हाला हे पटत नाही. सरकार मालक झाले की काय होते ते आपण कापूस खरेदीत पाहिले. पण ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नव्हती आणि गावात जागा नव्हती, त्याच्या बाजूने उभे राहिले की तेच दुखणे वेगळे दिसते. त्या दुखण्याला आमच्याकडे दुसरे कोणते औषध आहे, हे सांगण्याची जबाबदारी आमच्यावर येते. मतभेद असा उपयोगी पडतो. मखरात बसवलेल्या माणसाशी मतभेदही करता येत नाही.

आणि हे त्यांनीच बजावून ठेवले होते. १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात सांगितले की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात घटनेच्या कामाचे श्रेय त्यांनी बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांनाही मोकळ्या मनाने दिले. स्वतःच्या पुतळ्याला पहिला नकार त्यांनीच दिला होता म्हणा ना!

आता करायचे काय

पुढारी असे का करतात याचे नवल वाटायला नको. मेलेला माणूस उलट बोलत नाही. पुतळा भाव विचारत नाही. भांडण सांगितले की हिशेब सांगावा लागतो, हार घातला की काम भागते.

आपण मात्र एक शिस्त लावून घेऊ. जिल्हा बैठकीत किंवा गावच्या मंडपात कोणीही, अगदी आपल्यातलाही, थोर पुरुषाचे नाव घेऊन काही सांगू लागला की चार प्रश्न विचारायचे. कोणत्या सालची गोष्ट? प्रश्न कोणता होता? त्यांच्या विरोधात कोण होते आणि ते काय म्हणत होते? आणि शेवटी शेतकऱ्याच्या, मजुराच्या पदरात काय पडले? ज्याला या चारांची उत्तरे देता येतात, त्याचे भाषण ऐकावे. नाही देता आली तर टाळ्या वाजवू नयेत, एवढे तर आपल्या हातात आहे.

दुसरे, प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीला एकच साल घेऊन यावे. कोणी १९१८ घ्यावे, कोणी १९२८, कोणी १९५१, कोणी १९५९. घटना समितीच्या चर्चा छापलेल्या आहेत. बाबासाहेबांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले आहेत. जिल्ह्याच्या ग्रंथालयात बसून दोन दिवस काढले तर एवढे सापडते. आमच्या वऱ्हाडचे पंजाबराव देशमुख घटना समितीत होते आणि पुढे दहा वर्षे केंद्रात शेतीचे मंत्री होते. अकोल्याच्या विद्यापीठाच्या कमानीवर त्यांचे नाव आहे. त्या कमानीखालून रोज जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांनी, पंजाबराव घटना समितीत काय बोलले, हे काढून आणावे. अमरावतीच्या मंडळींनी हे काम अंगावर घ्यावे असे आम्ही सुचवतो.

जयंतीला हार घालू नका असे आमचे म्हणणे नाही. घाला. मोठ्या माणसापुढे मान लवते, ते चांगलेच आहे. फक्त हार घालून झाल्यावर तिथेच खाली बसावे आणि बारडोलीचा हिशेब मोठ्याने वाचावा. मग वक्त्याला विचारावे, सरदारांच्या कापूसवाल्यांनी खर्च वजा मागितला होता, आमच्या क्विंटलमागचा खर्च तुमच्या कागदात किती धरला आहे?